राष्ट्रीय शाळेचा दाखला: त्यातले 'राष्ट्रीय' नेमके काय होते?

दप्तरखाना (धागाकर्ता)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडली, तेव्हा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हाती लागला. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी असहकाराच्या चळवळीत निघालेल्या राष्ट्रीय शाळेचा तो आहे. त्यावर जून १९२२ ही तारीख आहे, मजकूर मराठीत आहे, शिक्का शाळेचाच आहे आणि सरकारी शिक्षणखात्याचा कोठेही उल्लेख नाही. खालच्या दोन ओळींवर ओल चढल्यामुळे त्या नीट वाचता येत नाहीत. पणजोबा राष्ट्रीय शाळेत शिकले, हे आमच्या घरात लग्नकार्यातसुद्धा सांगितले जाई. पण त्या शाळेत शिकवीत काय, हे कोणी कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. त्या काळच्या पुढाऱ्यांना 'राष्ट्रीय शिक्षण' या शब्दाने काय अभिप्रेत होते: मातृभाषा, धर्मशिक्षण, चरखा, की केवळ सरकारी अनुदान नाकारणे? आणि एवढ्या त्यागातून उभ्या राहिलेल्या या शाळांपैकी बहुतेक थोड्याच वर्षांत का मिटल्या? मुलांवर राष्ट्रीय संस्कार कोणते करावेत, हा वाद आजही चालूच असल्यामुळे प्रश्न निव्वळ जुना नाही. तरीही चर्चा येत्या निवडणुकीवर घसरू देऊ नये, ही विनंती.

पेठेतला

यात दोन टप्पे वेगळे करावे लागतील. पहिल्या टप्प्यात शाळा आपली होती आणि अभ्यासक्रम त्यांचा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून टिळक आणि नामजोशी यांच्यासह जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर त्यांना नंतर येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये कॉलेज निघाले, आणि त्या कॉलेजाला नाव मिळाले मुंबईचे गव्हर्नर फर्ग्युसन यांचे. आजीव सदस्याने वीस वर्षे दरमहा पंचाहत्तर रुपयांवर काम करायचे, असा दंडक होता. गोखल्यांनी तो पुरा केला. टिळक मतभेदांमुळे १८९० मध्ये बाहेर पडले. मात्र मुलगा बसे तो मुंबई विद्यापीठाच्याच मॅट्रिकला. त्या शाळेत राष्ट्रीय काही असेल, तर तो शिक्षकाचा त्याग होता. पुस्तक तेच होते.

दुसरा टप्पा वंगभंगानंतरचा. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री रूढ झाली. टिळकांनी १९०८ मध्ये बार्शीच्या व्याख्यानात राष्ट्रीय शिक्षणाची चार अंगे मांडली: धर्मशिक्षण, परभाषेचे ओझे हलके करणे, उद्योगशिक्षण आणि राजकीय शिक्षण. मातृभाषेचा आग्रह त्यांनी इंग्रजीच्या द्वेषातून धरला नव्हता. परकी भाषा घोकण्यात मुलाची उमेदीची वर्षे जातात, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता, आणि तो गणिताच्या प्राध्यापकाला शोभणारा होता.

जोडाक्षर

मग धर्मशिक्षण कोणत्या धर्माचे?

पेठेतला

हिंदू मुलांना हिंदू धर्माचे आणि मुसलमान मुलांना इस्लामचे, असे त्यांनी त्याच व्याख्यानात म्हटले होते. हिंदू आणि मुसलमान एकाच बाकावर बसतील तेव्हा या व्यवस्थेचे काय करायचे, याचे उत्तर मला तेथे सापडलेले नाही.

मावळतीर

तळेगावचा उल्लेख झाल्याशिवाय ही चर्चा पुढे जाऊ नये. विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्या समर्थ विद्यालयाने अखेर तळेगाव दाभाडे येथे मूळ धरले. मराठीतून शिकवायचे, हाताला काम द्यायचे आणि मुलांना वसतिगृहात शिक्षकांच्या सहवासात ठेवायचे, अशी तेथील रीत होती. आमचे आजोबा लहानपणी ऐकलेल्या ज्या गोष्टी सांगत, त्यांत शाळेपेक्षा काचेचा कारखाना अधिक असे. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागत पैसा फंड जमवला आणि त्यातून १९०८ च्या सुमारास तळेगावला काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवीत. पुढे देशात इतरत्र निघालेल्या काच कारखान्यांना तेथून कारागीर मिळाले. पेठेतला यांनी सांगितलेल्या चार अंगांपैकी उद्योगशिक्षण हे अंग कागदावरून जमिनीवर उतरलेले पाहायचे असेल, तर ते येथे दिसते.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. समर्थ विद्यालय आपणहून मिटले नाही. विजापूरकरांवर त्यांच्या 'विश्ववृत्त' मासिकातल्या वैदिक प्रार्थनांवरील लेखासाठी राजद्रोहाचा खटला होऊन ते तुरुंगात गेले, आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद पाडले. त्यामुळे 'का टिकल्या नाहीत' असे सरसकट विचारताना, कोणी टिकू दिल्या नाहीत हेही विचारावे लागते.

नांगरट

आतापर्यंतच्या प्रतिसादांतली माहिती मोलाची आहे. परंतु तिच्यात एक मोठी पोकळी आहे आणि ती अपघाताने राहिलेली नाही. राष्ट्रीय शिक्षणाची मांडणी करताना 'राष्ट्र' म्हणून ज्यांना मोजले, त्यांची मुले आधीपासूनच शाळेत होती. त्यांना प्रश्न पडला होता तो शिक्षण कोणत्या वळणाचे असावे याचा. ज्यांच्या घरात पाटीच आलेली नव्हती, त्यांचा प्रश्न निराळा होता आणि तो जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्येच सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे मांडला होता. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. विद्या वरून खाली झिरपत जाईल, हे म्हणणे त्यांनी मानले नाही.

गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले आणि पुढच्या वर्षी ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांच्या घरचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाहीत या वादात, याच महाराजांच्या विरोधात 'केसरी' उभा होता, हे येथे आठवून द्यायला हरकत नसावी. आता धागाकर्त्यांनीच सांगावे: रयतेच्या पोराला पहिल्यांदा बाकावर बसवणारा तो एक रुपयाचा दंड राष्ट्रीय, की बार्शीचे व्याख्यान?

पेठेतला

नांगरट यांचा मुद्दा मला मान्य आहे. त्यांची तुलना मान्य नाही. संस्थानिकाच्या हाती फर्मान होते आणि तिजोरीही होती. टिळकांच्या हाती वर्तमानपत्र आणि वर्गणी एवढेच होते, आणि बार्शीच्या व्याख्यानानंतर काही महिन्यांतच ते मंडालेच्या वाटेला लागले. सक्ती करायला आधी सत्ता लागते.

नांगरट

सत्ता नव्हती, हे खरे. पण पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हा मुलींनाही ती लागू करावी की तूर्त मुलांपुरतीच ठेवावी, यावर जो वाद पेटला, त्यात टिळकपक्ष मुलांपुरतीच ठेवण्याच्या बाजूला होता, हे आपणास ठाऊक आहेच. पैसा कमी आहे, म्हणून आधी मुलगे, असे तेव्हा सांगण्यात आले. पैसा कमी पडला की कोणाला थांबायला सांगतात, यावरून राष्ट्रात कोणाची मोजणी होते ते कळते.

वैनगंगा

वऱ्हाड-नागपूरकडची बाजू राहिली आहे. सरकारने १९०७ मध्ये रिस्ले परिपत्रक काढून विद्यार्थ्यांच्या राजकारणावर बंदी घातली. त्या सुमारास नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये इन्स्पेक्टरसाहेबांसमोर 'वंदे मातरम्' झाले आणि त्या प्रकरणात केशव हेडगेवार नावाच्या विद्यार्थ्याला शाळा सोडावी लागली. तो यवतमाळच्या 'विद्यागृह' या राष्ट्रीय शाळेत गेला. तीही सरकारी रोषापुढे फार दिवस चालली नाही. पुढे वैद्यकी शिकायला तो कलकत्त्याला गेला, तेथेही राष्ट्रीय म्हणवणाऱ्या कॉलेजातच.

माझे मत असे आहे की, याच हेडगेवारांनी १९२५ मध्ये काढलेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची शाखा समजून घ्यायची असेल, तर बंद पडलेल्या राष्ट्रीय शाळेपासून सुरुवात करावी. इमारत असली की तिला कुलूप लागते, अनुदान असले की ते थांबवता येते, पदवी असली की ती नाकारता येते. संध्याकाळी मैदानावर भरणाऱ्या तासाभराच्या वर्गाला यांतले काहीच लागत नाही. त्या बदल्यात गणित, भूगोल, सुतारकाम हे सगळे सुटले आणि शिक्षणातला फक्त संस्कार तेवढा उरला. पुढे १९५२ मध्ये गोरखपूरला पहिले सरस्वती शिशु मंदिर निघाले, तेव्हा तो पुन्हा चार भिंतींत आला. ही वाढ मानायची की आकुंचन, यावर माझ्याच घरात एकमत नाही.

हिंदू महासभेचे नागपूरचे पुढारी डॉ. मुंजे यांचा प्रवास आणखी वेगळा आहे. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना ते मार्च १९३१ मध्ये इटलीत थांबले, मुसोलिनीला भेटले आणि मुलांच्या बालिल्ला या फॅसिस्ट संघटनेचे काम त्यांनी पाहिले. आपल्या दैनंदिनीत त्यांनी त्याची वाखाणणी केली आहे. १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल निघाले. स्वदेशीच्या चळवळीतून आलेल्या माणसाला मुलांच्या शिक्षणाचा नमुना रोममध्ये सापडावा, याची मला गंमतही वाटते आणि अस्वस्थताही.

गडकरी नव्हे गडप्रेमी

स्वदेशीत निदान कवायत तरी आयात करायची मुभा होती म्हणायचे. आमच्या शाळेतले पीटीचे मास्तर रोमला न जाताच तेवढे कडक होते.

मावळतीर

वैनगंगा यांनी एक संदर्भ जोडावा. सैन्यात अधिकारी व्हायचे तर सँडहर्स्ट गाठावे लागे. देहरादूनची अकादमी १९३२ मध्ये निघाली. हिंदी तरुणाला सैनिकी शिक्षण मिळावे, ही मागणी त्या काळी केवळ मुंज्यांची नव्हती, मवाळांचीही होती. मागणी एक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी निवडलेला नमुना दुसरी. दोहोंचे माप एकाच तराजूत घालू नये.

वैनगंगा

हे बरोबर आहे. माझा आक्षेप नमुन्यालाच आहे. बालिल्लात मुलाने प्रश्न विचारणे अपेक्षित नव्हते.

हरिपाठ

मी तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. आमच्या डीएडला 'नयी तालीम', म्हणजे गांधीजींची हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना, हा प्रश्न हमखास येई, आणि आम्ही तो न समजता पाठ करीत असू. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या, मातृभाषेतल्या आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची योजना दिली. सूत कातताना कापसाचा भूगोल, तारांचे गणित आणि गिरण्यांचा इतिहास शिकवायचा, ही त्यातली कल्पना आजही मला देखणी वाटते. मात्र मुलांच्या सुतातून शाळेचा खर्च भागावा, ही अपेक्षा मला तेव्हाही पटली नव्हती. सात वर्षांच्या पोराच्या टकळीवर मास्तरचा पगार निघणार असेल, तर मास्तर त्याला गणित शिकवील की सूत मोजील? एका प्रात्यक्षिक शाळेत मी स्वतः बंद कपाटात ओळीने ठेवलेल्या टकळ्या पाहिल्या आहेत. तपासणीच्या दिवशी त्या बाहेर येत.

नांगरट यांना मात्र एवढे सांगेन की, राष्ट्रीय म्हणवणाऱ्या योजनांत सक्ती, मोफत आणि मातृभाषा हे तिन्ही शब्द एकत्र येऊन सर्व मुलांना लागू झालेले पहिल्यांदा येथे दिसतात. फुले आणि टिळक कागदावर का होईना, वर्ध्यात भेटले.

नांगरट

कागदावर भेटले, आणि कपाटात बंद झाले.

सातारी कंदी

रयत शिक्षण संस्थेबद्दल कोणीच बोलेना, म्हणून लिहितो. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव दिले गेले. माझे वडील रयतच्याच एका वसतिगृहात वाढले. आठवड्याच्या पाळीने भाकऱ्या थापाव्या लागत आणि वडिलांची पाळी आली की मुले उपास धरत, असे ते स्वतःच सांगत. ज्या घरात अमुक जातीच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या घरातला मुलगा चार वर्षांनी सुट्टीला आला, तेव्हा त्याने आईला ते चालत असल्याचे सांगितले, आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. वसतिगृहात राष्ट्रावर प्रवचन होत असे की नाही, हे वडिलांना आठवत नसे. पाळीचा तक्ता मात्र तोंडपाठ होता.

दोन मैदाने

बालपणी मी राष्ट्र सेवा दलात जात असे आणि माझा चुलतभाऊ संघाच्या शाखेत जाई. दोन्ही मैदानांत एक रस्ता होता. शिटी तीच, कबड्डी तीच, 'बौद्धिक' हा शब्दही तोच, आणि बौद्धिकाच्या वेळी पाठीमागे बसून झोपणारी मुलेही त्याच तऱ्हेची. आमच्याकडे मुली असत, त्यांच्याकडे नसत; त्यामुळे चुलतभावाला आमच्या मैदानाबद्दल फार कुतूहल होते आणि ते वैचारिक नव्हते. आमच्याकडे साने गुरुजींची गाणी म्हणत आणि शिबिरात कोणाची जात विचारायची नाही, असा कडक नियम होता. त्यांच्याकडेही जात विचारीत नाहीत, असे तो म्हणे. मग तुमच्याकडे अन्वर येतो का, असे मी विचारले. अन्वर आमच्या मैदानावर येत असे. 'तो आलाच नाही, आम्ही नको म्हटलेले नाही,' असे त्याने उत्तर दिले.

त्या उत्तरावर आम्ही दोघे अजून भांडतो. तो साठीला आला, मीही. जोडाक्षर यांनी विचारलेल्या एका ओळीच्या प्रश्नाशी या भांडणाचा संबंध आहे, म्हणून लिहिले.

कृष्णाकाठची

नांगरट यांचा एक परिच्छेद आणि 'आमच्याकडे मुली असत' हे एक वाक्य, एवढ्यावर मुलींचा विषय संपला, म्हणून लिहिते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढले. शिक्षणाचे माध्यम मराठी, अभ्यासक्रम स्वतंत्र आणि सरकारची मान्यता नाही. राष्ट्रीय शिक्षणवाल्यांच्या बहुतेक अटी येथे पुऱ्या होतात. तरी त्या यादीत कर्व्यांचे नाव सहसा कोणी घेत नाही. १९२० मध्ये ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. कायदेशीर मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. म्हणजे पस्तीस वर्षे हे विद्यापीठ सरकारी शिक्क्याविना चालले आणि टिकले.

मुलांच्या राष्ट्रीय शाळा दोन-चार वर्षांत ओस पडल्या आणि हे टिकले, याचे एक कारण मला असे वाटते की, मुलीच्या पदवीवर नोकरी मिळाली पाहिजे, अशी घरच्यांची अपेक्षाच नव्हती. मुलाच्या दाखल्याला कचेरीत किंमत नसेल, तर बाप त्याला त्या शाळेत ठेवणार नाही. मुलीच्या दाखल्याची किंमत कोणी कचेरीत जाऊन विचारणारच नव्हते. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात आहे, असे मला वाटते.

पेठेतला

कृष्णाकाठची यांचा तर्क बंगालकडूनही पक्का होतो. १९०६ मध्ये तेथे राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली, सुबोधचंद्र मलिकांनी लाख रुपये दिले, अरविंद घोष बडोद्याची नोकरी सोडून कॉलेजचे प्राचार्य झाले. एवढे असूनही साहित्य-इतिहास शिकवणारी बाजू आटत गेली आणि जगली ती तंत्रशिक्षणाची बाजू. आजच्या जादवपूर विद्यापीठाचे मूळ तेथे आहे. यंत्र दुरुस्त करता येणाऱ्याला कोणी दाखल्यावरचा शिक्का विचारत नाही.

हरिपाठ

दप्तरखाना, तुमच्या दाखल्यातल्या ओल लागलेल्या दोन ओळी कोणत्या रकान्यातल्या आहेत? जुन्या दाखल्यांत वर्तणुकीनंतर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असे. कागद खिडकीशी तिरपा धरून पाहावा; पुसट शाई वाचता येते. ओला करू नका आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नका.

दप्तरखाना (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. हरिपाठ सरांनी सांगितले तसे केले. वरच्या ओळीत 'वर्तणूक: चांगली' असे आहे. खालच्या ओळीतले पहिले अक्षर गेले आहे, पण बाकीचे स्पष्ट लागते: 'इंग्रजी शाळेत नाव घालणेकरिता.'

चळवळ फेब्रुवारी १९२२ मध्ये मागे घेतली गेली आणि दाखला त्याच वर्षीच्या जूनचा आहे, हे आता ध्यानात आले. शंभर वर्षे आम्ही जो कागद मानाने जपला, तो राष्ट्रीय शाळा सोडून जाण्यासाठी काढलेला कागद आहे. पणजोबा पुढे तालुका कचेरीत कारकून होते, एवढे मला ठाऊक होते. त्याच्याशी हे जुळते. कृष्णाकाठची यांचे म्हणणे आमच्याच ट्रंकेत निघाले.

हरिपाठ

एक शंका आहे. शाळेत नाव घालताना दाखल्याची मूळ प्रत शाळा ठेवून घेते. पालकाला परत देत नाही. तुमच्याकडे मूळ प्रत आहे की नक्कल?

दप्तरखाना (धागाकर्ता)

शाईची सही आणि शिक्का आहे. मूळच दिसते.

हरिपाठ

मग इंग्रजी शाळेने तो दाखला बहुधा घेतलाच नसावा, आणि मुलाची परीक्षा घेऊन त्याला एखाद्या खालच्या इयत्तेत बसवले असावे. जिल्ह्याच्या ठिकाणी ती शाळा अजून चालू असेल, तर १९२२ चे जनरल रजिस्टर पाहायला मागा. आधीची शाळा कोणती, हा रकाना त्यात असतो.

दप्तरखाना (धागाकर्ता)

शाळा चालू आहे. सोमवारी अर्ज देतो.